डेप्रिकेशन (सॉफ्टवेअर)

डेप्रिकेशन म्हणजे सॉफ्टवेअरमधील एखादी सुविधा यापुढे वापरू नये असे तिच्या निर्मात्यांनी अधिकृतपणे जाहीर करणे, पण ती लगेच काढून न टाकता काही काळ चालू ठेवणे होय. या काळात ती सुविधा वापरणाऱ्या विकसकांना सॉफ्टवेअर वेळोवेळी इशारा देते. या इशाऱ्याला डेप्रिकेशन सूचना म्हणतात. सुविधा जाणार आहे, तिच्या जागी काय वापरावे आणि बदलासाठी किती अवधी आहे, हे विकसकाला वेळेत कळावे हा तिचा हेतू असतो. प्रोग्रॅमिंग भाषा, फ्रेमवर्क, लायब्ररी, संकेतस्थळांची भाषा आणि वर्णसंकेत अशा सर्व ठिकाणी ही पद्धत आढळते.

संज्ञा आणि अर्थ

मूळ इंग्लिश शब्द 'प्रार्थना करून टाळणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला आहे. पुढे त्याला 'नापसंती दर्शवणे' हा अर्थ आला आणि संगणनक्षेत्रात 'वापरू नये अशी शिफारस करणे' हा अर्थ रूढ झाला. मराठीत त्यासाठी कालबाह्य, अप्रचलित, नापसंत असे वेगवेगळे शब्द वापरले जातात. यांपैकी 'कालबाह्य' या शब्दाने थोडा घोटाळा होतो. कालबाह्य वस्तूचा काळ संपलेला असतो. डेप्रिकेट केलेली सुविधा मात्र अजून पूर्ण कार्यक्षम असते. 'अप्रचलित' हा शब्दही नेमका नाही, कारण अशी सुविधा पुष्कळदा सर्वाधिक प्रचारात असते आणि म्हणूनच तिच्याविषयी सूचना द्यावी लागते.

संस्कृतातील 'त्याज्य' आणि 'त्यक्त' या दोन रूपांतील भेद येथे उपयोगी पडतो. त्यक्त म्हणजे टाकून दिलेले. त्याज्य म्हणजे टाकण्यास योग्य, पण अद्याप न टाकलेले. डेप्रिकेट केलेली सुविधा त्याज्य असते, काढून टाकलेली सुविधा त्यक्त असते. या लेखात पुढे याच अर्थाने 'त्याज्य' हा शब्द योजला आहे.

गरज

फ्रेमवर्क म्हणजे इतरांनी ज्याच्या आधारावर आपले प्रोग्रॅम उभारायचे असा तयार सांगाडा. तो लिहिणारे थोडे आणि त्यावर विसंबणारे हजारो असतात. फ्रेमवर्कमधील एका फंक्शनचे नाव बदलले, तरी ते नाव वापरणारा प्रत्येक प्रोग्रॅम बंद पडू शकतो. म्हणून एकदा सर्वांसाठी खुली केलेली सुविधा हा निर्मात्याने वापरकर्त्याशी केलेला एक प्रकारचा करार मानला जातो.

तरीही बदल अटळ असतो. त्याची प्रमुख कारणे अशी :

• सुरक्षितता : जुन्या सुविधेत दुरुस्त न होणारा दोष असतो.
• सदोष रचना : सुविधा चालते, पण तिच्या वापरात चुका होण्याचा संभव फार असतो.
• द्विरुक्ती : एकाच कामासाठी अधिक चांगली नवी सुविधा उपलब्ध झालेली असते.
• नामांतर : नाव दिशाभूल करणारे किंवा बाकीच्या नावांशी विसंगत असते.
• देखभालीचा भार : सुविधा फारसे कोणी वापरत नाही, पण तिची देखभाल मात्र करावी लागते.

सुविधा एकाएकी काढली तर वापरकर्त्यांचे नुकसान होते. ती कायम ठेवली तर दोष साचत जातात. डेप्रिकेशन हा या दोहोंमधील मध्यम मार्ग आहे. त्यात बदल तर होतो, पण पूर्वसूचना देऊन.

टप्पे

प्रत्येक प्रकल्पाचे नियम वेगळे असले तरी सामान्यतः पुढील क्रम दिसतो :

१. नवा पर्याय : जुन्या सुविधेचे काम करणारी नवी सुविधा आधी उपलब्ध करून दिली जाते. पर्याय न देता सूचना देणे हा दोष मानला जातो.
२. कागदोपत्री घोषणा : माहितीपुस्तिकेत जुनी सुविधा त्याज्य असल्याचे नोंदवले जाते. प्रोग्रॅम चालताना मात्र कोणतीही सूचना येत नाही. याला सौम्य डेप्रिकेशन म्हणतात.
३. प्रत्यक्ष सूचना : प्रोग्रॅम भाषांतरित होताना किंवा चालताना इशारा दिसू लागतो. याला कठोर डेप्रिकेशन म्हणतात.
४. निष्कासन : आधी जाहीर केलेल्या आवृत्तीत सुविधा काढून टाकली जाते. त्यानंतर ती वापरल्यास प्रोग्रॅम त्रुटी देऊन थांबतो.

आवृत्तिक्रमांकांशी या टप्प्यांचा संबंध असतो. 'सिमेंटिक व्हर्जनिंग' या बहुमान्य संकेतानुसार आवृत्तिक्रमांकाचे प्रधान, गौण आणि दुरुस्ती असे तीन भाग असतात. सुविधा त्याज्य ठरवली की गौण क्रमांक वाढवावा, ती काढायची असल्यास प्रधान क्रमांक वाढवावा आणि काढण्यापूर्वी किमान एका गौण आवृत्तीत ती त्याज्य म्हणून राहिलेली असावी, अशी अपेक्षा त्यात आहे. त्यामुळे ३.१ वरून ३.२ कडे जाणारा विकसक निर्धास्त असतो, तर ३.२ वरून ४.० कडे जाताना आधी सूचना वाचल्या पाहिजेत हे त्याला ठाऊक असते.

सूचनेचे स्वरूप

उपयुक्त सूचनेत पाच गोष्टी असाव्या लागतात : कोणती सुविधा त्याज्य आहे, केव्हापासून, तिच्याऐवजी काय वापरावे, ती केव्हा काढली जाईल आणि ती प्रोग्रॅमच्या कोणत्या ओळीत वापरली आहे. शक्य असल्यास कारणही द्यावे.

समजा, एका फ्रेमवर्कमध्ये 'तारीख_वाचा' नावाचे फंक्शन आहे आणि ते वर्षाचे शेवटचे दोनच अंक स्वीकारते. '६०' हे वर्ष १९६० की २०६० हे त्यावरून ठरत नाही. म्हणून चार अंकी वर्ष घेणारे 'दिनांक_वाचा' हे नवे फंक्शन तयार केले. आता जुन्या फंक्शनची सूचना दोन प्रकारे लिहिता येईल :

• 'तारीख_वाचा' हे फंक्शन त्याज्य आहे.
• 'तारीख_वाचा' हे फंक्शन आवृत्ती ३.१ पासून त्याज्य आहे व आवृत्ती ४.० मध्ये काढले जाईल. त्याऐवजी 'दिनांक_वाचा' वापरावे. वर्ष चार अंकी द्यावे. (फाइल : नोंदणी, ओळ : ४२)

पहिल्या सूचनेने चिंता उत्पन्न होते, दुसरीने काम होते.

ओळ दाखवताना एक तांत्रिक काळजी घ्यावी लागते. सूचना देणारी आज्ञा फ्रेमवर्कच्या आत असल्याने, विशेष योजना न केल्यास, फ्रेमवर्कमधीलच ओळ दाखवली जाते. विकसकाला मात्र ते फंक्शन वापरणारी स्वतःची ओळ हवी असते. पायथॉन भाषेत सूचना देताना किती पायऱ्या मागे जाऊन ओळ दाखवायची हे सांगण्याची सोय आहे. तसेच एखादे फंक्शन दहा हजार वेळा वापरले गेले तर तीच सूचना दहा हजार वेळा छापली जाऊ नये म्हणून एका ठिकाणासाठी ती एकदाच दाखवण्याची पद्धत आहे.

सूचना कोणासाठी आहे हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. ती विकसकासाठी असते, अंतिम वापरकर्त्यासाठी नव्हे. बँकेच्या किंवा शाळेच्या संकेतस्थळावर माहिती पाहणाऱ्या नागरिकाला 'हे फंक्शन त्याज्य आहे' असे दिसल्यास तो गोंधळतो आणि त्याला त्याबाबत काही करताही येत नाही. शिवाय अशा संदेशांतून फाइलींची नावे व प्रणालीची अंतर्गत रचना उघड होते. म्हणून प्रत्यक्ष वापरातील संकेतस्थळावर सूचना पडद्यावर न दाखवता नोंदवहीत, म्हणजे लॉग फाइलमध्ये, लिहिल्या जातात.

विविध प्रणालींतील पद्धती

जावा : १९९७ मधील १.१ आवृत्तीपासून जावाच्या माहितीटिपांत सुविधा त्याज्य असल्याची खूण करता येते. २००४ च्या पाचव्या आवृत्तीत त्यासाठी प्रोग्रॅममध्येच लिहायची स्वतंत्र खूण आली. तथापि जावाने जुन्या सुविधा क्वचितच काढल्या. परिणामी 'त्याज्य' या शब्दाचे गांभीर्य कमी झाले आणि अनेकांनी सूचनांकडे दुर्लक्ष केले. त्यावर उपाय म्हणून २०१७ च्या नवव्या आवृत्तीत दोन भर घातल्या गेल्या : सुविधा कोणत्या आवृत्तीपासून त्याज्य आहे आणि ती खरोखर काढली जाणार आहे काय, हे नोंदवण्याची सोय झाली. काढल्या जाणाऱ्या सुविधांविषयीचा इशारा वेगळा आणि अधिक ठळक असतो. चालू असलेला 'थ्रेड' मध्येच थांबवणारे 'स्टॉप' हे फंक्शन जावाच्या १.२ आवृत्तीत, १९९८ मध्ये, त्याज्य ठरले. कारण त्याने माहिती अर्धवट बदललेल्या स्थितीत राहण्याचा धोका होता. ते प्रत्यक्षात निकामी झाले २०२३ च्या विसाव्या आवृत्तीत, म्हणजे जवळजवळ पाव शतकानंतर.

पायथॉन : पायथॉनमध्ये सूचनांसाठी 'वॉर्निंग्ज' नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. २.७ आणि ३.२ या आवृत्त्यांपासून डेप्रिकेशन सूचना मुळातच लपवल्या जाऊ लागल्या, कारण त्या सामान्य वापरकर्त्यांना दिसत होत्या. याचा उलट परिणाम असा झाला की विकसकांनाही त्या दिसेनाशा झाल्या. म्हणून २०१८ च्या ३.७ आवृत्तीत, विकसकाने थेट चालवलेल्या मुख्य प्रोग्रॅमपुरत्या त्या पुन्हा दाखवल्या जाऊ लागल्या. 'कलेक्शन्स' या प्रकरणातील काही नावे ३.३ आवृत्तीत, २०१२ मध्ये, दुसऱ्या ठिकाणी हलवली होती. जुनी नावे ३.९ मध्ये काढायचे ठरले होते. अनेक प्रोग्रॅम तयार नसल्याने मुदत एका आवृत्तीने वाढवण्यात आली आणि २०२१ च्या ३.१० आवृत्तीत ती काढली गेली.

जॅंगो : पायथॉनवर आधारित या फ्रेमवर्कमध्ये सूचनेच्या नावातच निष्कासनाची आवृत्ती लिहिलेली असते, उदाहरणार्थ, 'जॅंगो ४.० मध्ये काढले जाईल' या अर्थाचे नाव. संकेतस्थळाचे पत्ते नोंदवणारे 'यूआरएल' हे फंक्शन ऑगस्ट २०२० मधील ३.१ आवृत्तीत त्याज्य ठरले आणि डिसेंबर २०२१ मधील ४.० आवृत्तीत काढले गेले. त्याचे पर्याय मात्र २०१७ च्या २.० आवृत्तीपासूनच उपलब्ध होते.

पीएचपी : २००९ मधील ५.३ आवृत्तीपासून त्याज्य सुविधांसाठी सूचनेचा वेगळा वर्ग करण्यात आला. या भाषेतील सर्वांत परिचित उदाहरण मायएसक्यूएल माहितीसाठ्याशी जोडणाऱ्या जुन्या फंक्शनांचे आहे. लहान संस्थांची असंख्य संकेतस्थळे त्यांवर उभी होती. परंतु त्यांत आज्ञा आणि वापरकर्त्याने भरलेली माहिती वेगळी ठेवण्याची सोय नव्हती, त्यामुळे अर्जाच्या चौकटीत घातक आज्ञा भरून माहितीसाठा फोडण्याचा धोका होता. ही फंक्शने २०१३ च्या ५.५ आवृत्तीत त्याज्य ठरली आणि डिसेंबर २०१५ मधील ७.० आवृत्तीत काढली गेली.

इतर : सी शार्प भाषेत एकाच खुणेने इशारा द्यायचा की सरळ त्रुटी द्यायची हे ठरवता येते. सी++ भाषेत २०१४ च्या प्रमाणात अशी खूण समाविष्ट झाली. महाजालावरून पुरवल्या जाणाऱ्या सेवांसाठी, सेवा कोणत्या दिनांकाला बंद होईल हे उत्तराच्या शीर्षभागात कळवण्याचा 'सनसेट' नावाचा संकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲडोबी कंपनीने फ्लॅश बंद करण्याची घोषणा जुलै २०१७ मध्ये केली व ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार थांबवला. साडेतीन वर्षांचा अवधी मिळूनही ज्यांचे मूळ निर्माते उरले नव्हते असे फ्लॅशमधील अनेक धडे आणि खेळ रूपांतरित झाले नाहीत.

मीडियाविकी आणि मराठी विकिपीडिया

मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी या सॉफ्टवेअरवर चालतो, त्यातही सौम्य आणि कठोर असा भेद केला जातो. सौम्य डेप्रिकेशनमध्ये केवळ माहितीटिपेत नोंद होते; कठोर डेप्रिकेशनमध्ये त्यासाठीचे खास फंक्शन चालताना इशारा देते. प्रत्येक विकिवर स्थानिक स्वयंसेवकांनी जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली उपकरणेही असतात. त्यांतील त्याज्य आज्ञांची सूचना न्याहाळकाच्या 'कन्सोल'मध्ये उमटते. सामान्य वाचकाला ती दिसत नाही. मीडियाविकीच्या १.२९ आवृत्तीत जेक्वेरी लायब्ररीची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा जुन्या आज्ञा तात्पुरत्या चालू ठेवून त्यांविषयी इशारा देणारी 'जेक्वेरी मायग्रेट' ही पूरक लायब्ररी जोडण्यात आली होती.

पानांच्या मजकुरावर परिणाम करणारा मोठा बदल जुलै २०१८ मध्ये पूर्ण झाला. तोवर लेखातील चुकीच्या क्रमाने बंद केलेल्या किंवा बंदच न केलेल्या खुणा 'टायडी' नावाचा प्रोग्रॅम परस्पर दुरुस्त करत असे. त्याच्या जागी आधुनिक न्याहाळकांच्या नियमांनुसार चालणारा 'रेमेक्स' आला. टायडीच्या दुरुस्तीवर विसंबलेली पाने आता वेगळी दिसण्याची शक्यता होती. एका साच्यात बंद न केलेली खूण खालच्या सर्व मजकुराचा आकार किंवा रंग बदलू शकत होती. म्हणून 'लिंटर' या विस्ताराने अशा पानांच्या याद्या आधीच उपलब्ध करून दिल्या आणि विविध विकिंवरील संपादकांनी त्या पाहून साचे, लेख व सह्या दुरुस्त केल्या.

लिंटर त्याज्य एचटीएमएल खुणाही दाखवतो. मजकूर मध्यभागी आणणारी 'सेंटर', टंक बदलणारी 'फाँट', अक्षर मोठे करणारी 'बिग', खोडरेघ मारणारी 'स्ट्राइक' आणि टंकलेखन यंत्रासारखी अक्षरे दाखवणारी 'टीटी' या खुणा एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीत अग्राह्य ठरल्या. न्याहाळक त्या अजूनही समजून घेतात. तरी 'स्ट्राइक'ऐवजी 'एस', 'टीटी'ऐवजी 'कोड' आणि इतरांऐवजी शैलीसूचना वापरणे अपेक्षित आहे.

देवनागरी आणि युनिकोड

युनिकोड या वर्णसंकेताचे धोरण असे आहे की एकदा समाविष्ट केलेले चिन्ह कधीही काढले किंवा हलवले जात नाही. तसे केल्यास जगभर साठवलेला मजकूर बिघडेल. त्यामुळे चुकीचे ठरलेले चिन्ह केवळ त्याज्य म्हणून घोषित करता येते. ते कायम राहते, पण नव्या लेखनात वापरू नये असे सांगितले जाते. चिन्हांच्या काही जोडण्याही 'वापरू नयेत' अशा यादीत नमूद आहेत. मराठीच्या दृष्टीने दोन उदाहरणे महत्त्वाची आहेत.

पहिले 'ॲ' या स्वराचे. ॲप, ॲसिड यांसारख्या शब्दांत तो लागतो. युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, २००८ मध्ये, त्याला ०९७२ हा स्वतंत्र संकेतांक मिळाला. त्यापूर्वी 'अ' (०९०५) लिहून त्यावर चंद्र (०९४५) देण्याची युक्ती रूढ होती. आता ही जोडणी वापरू नये अशी सूचना आहे. दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसू शकतात, परंतु संगणकाच्या लेखी ती वेगळी आहेत आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनीही ती एकरूप होत नाहीत. म्हणून एका रूपात साठवलेले नाव दुसऱ्या रूपाने शोधल्यास साध्या शोधात सापडत नाही. नाव डोळ्यांसमोर असूनही 'नोंद आढळली नाही' असे उत्तर येण्याचे हे एक कारण असते.

दुसरे उदाहरण 'ऱ्य' या जोडाक्षरातील अर्ध्या र चे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतही असाच अर्थभेद आहे. युनिकोडनुसार हे रूप 'ऱ' (०९३१) आणि हलन्ताचे चिन्ह यांनी लिहावयाचे असते. २.० आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असाही मार्ग चालू ठेवला आहे. एखाद्या प्रोग्रॅमने अदृश्य चिन्हे निरर्थक समजून गाळली, तर या दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या मजकुरातील दऱ्यांचे रूपांतर दर्यात होते. सातारा जिल्ह्यातील सह्याद्रीच्या दऱ्यांचे वर्णन अशा रीतीने समुद्राचे होऊन बसेल आणि संगणक त्याविषयी कोणतीही त्रुटी दाखवणार नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत.

युनिकोडपूर्व काळातील टंकांची स्थिती वेगळी होती. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हा वर्णसंकेत १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला होता. परंतु छपाईच्या व्यवसायात स्वतःचा वेगळा संकेत असलेले टंक प्रचलित झाले. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर रोमनच होता. टंक नसलेल्या संगणकावर तो उघडल्यास निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. येथे डेप्रिकेशन सूचना देणेच अशक्य होते, कारण मजकूर मराठी आहे हेच प्रणालीला कळत नव्हते. सूचना देण्यासाठी, काय वापरले जात आहे हे सॉफ्टवेअरला ओळखता यावे लागते, हे यावरून स्पष्ट होते.

संगणकाबाहेरील समांतर उदाहरणे

पूर्वसूचना, संक्रमणकाळ आणि जुन्या नोंदींची सोय हे तीन घटक इतर सार्वजनिक बदलांतही दिसतात.

स्थलनामे : १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. दक्षिण सातारा जिल्ह्याचे नाव २१ नोव्हेंबर १९६० रोजी सांगली असे करण्यात आले. त्यामुळे तासगावसंबंधीचा कागद काळानुसार सातारा, दक्षिण सातारा किंवा सांगली यांपैकी कोणत्याही जिल्ह्याच्या नावाखाली असू शकतो. जुने नाव नव्या लेखनात वापरू नये हे खरे. पण ते ओळखता आले नाही तर जुने कागद सापडणार नाहीत. विकिपीडियावर यासाठी पुनर्निर्देशनाची सोय असते. संगणकीय कालविभागांच्या जागतिक सूचीतही भारताच्या वेळेचे 'एशिया/कलकत्ता' हे जुने नाव 'एशिया/कोलकाता' या नव्या नावाचा पर्याय म्हणून चालू ठेवले आहे.

लेखननियम : मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. 'नांव', 'पांच', 'कांहीं' यांतील न उच्चारले जाणारे अनुस्वार त्याज्य ठरून 'नाव', 'पाच', 'काही' ही रूपे प्रमाण झाली. जुन्या साहित्याचे काय करावे याचाही निर्णय नियमावलीत आहे : केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाप्रमाणे छापावे, त्यानंतरचे नव्या नियमांनुसार छापावे. सॉफ्टवेअरच्या परिभाषेत ही सुसंगतीची सीमारेषाच होय.

नाणी : १ एप्रिल १९५७ पासून भारतात दशमान नाणेपद्धती सुरू झाली. रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे यांऐवजी शंभर नवे पैसे झाले. काही काळ जुनी व नवी नाणी एकत्र चालली आणि दोन पैशांत गल्लत होऊ नये म्हणून 'नया' हे विशेषण जोडले गेले. संक्रमण झाल्यावर, १ जून १९६४ पासून, ते गळाले.

मर्यादा आणि टीका

डेप्रिकेशन सूचनांवर प्रामुख्याने चार आक्षेप घेतले जातात. पहिला, सूचनांची संख्या वाढली की त्या वाचल्या जात नाहीत. शेकडो किरकोळ इशाऱ्यांत एक गंभीर इशारा हरवतो. दुसरा, निष्कासनाची तारीख वारंवार पुढे ढकलली गेली तर सूचनेवरचा विश्वास उडतो. उलट अवधी फार कमी दिला तर विकसकांवर अन्याय होतो. तिसरा, सूचना पुष्कळदा चुकीच्या व्यक्तीला मिळते. त्याज्य सुविधा विकसकाच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये नसून त्याने वापरलेल्या दुसऱ्या लायब्ररीत असेल, तर त्याला ती दुरुस्त करता येत नाही.

चौथा आक्षेप सामाजिक स्वरूपाचा आहे. सूचना वाचणारा कोणीतरी असला पाहिजे, हे या पद्धतीत गृहीत धरलेले असते. मोठ्या कंपन्यांत त्यासाठी पगारी माणसे असतात. लहान शाळा, वाचनालय किंवा पतसंस्था यांचे संकेतस्थळ एकदा कोणाकडून तरी तयार करून घेतलेले असते आणि तो विकसक पुढे दुसऱ्या कामाला लागलेला असतो. लॉग फाइलमधील सूचना वर्षानुवर्षे साचत राहतात. एके दिवशी संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर ठेवलेले असते त्याचा पुरवठादार पीएचपीची नवी आवृत्ती बसवतो आणि पान कोरे दिसू लागते. संस्थेच्या दृष्टीने हा अपघात असतो. प्रत्यक्षात त्याची पूर्वसूचना कित्येक वर्षे दिली जात असते. जुन्या आवृत्तीवरच राहण्याचा पर्यायही निर्धोक नसतो, कारण तिच्यासाठी सुरक्षाविषयक दुरुस्त्या येणे थांबलेले असते.

प्रचलित उपाययोजना

सूचनांचा उपयोग व्हावा यासाठी विकसनाच्या व्यवहारात काही पद्धती रूढ झाल्या आहेत. चाचण्या चालवताना सर्व लपलेल्या सूचना दिसतील अशी मांडणी केली जाते. काही गट चाचणीच्या वेळी प्रत्येक सूचनेला त्रुटी मानतात, म्हणजे त्याज्य सुविधा नव्याने वापरली गेल्यास काम पुढेच जात नाही. नवी आवृत्ती घेताना एकदम अनेक पायऱ्या ओलांडण्याऐवजी क्रमाने एकेक आवृत्ती घेऊन प्रत्येक वेळी सूचना शून्यावर आणल्या जातात. जावासाठी त्याज्य सुविधांचा वापर शोधून देणारे साधन नवव्या आवृत्तीपासून भाषेसोबतच मिळते. काही फ्रेमवर्क जुन्या आज्ञांचे नव्या आज्ञांत आपोआप रूपांतर करणारे प्रोग्रॅमही पुरवतात.

संस्थांच्या बाबतीत, संकेतस्थळ कोणत्या भाषेच्या आणि फ्रेमवर्कच्या कोणत्या आवृत्तीवर आहे, त्या आवृत्तीची मुदत केव्हा संपते आणि देखभालीची जबाबदारी कोणाची, या तीन बाबी काम सोपवतानाच लिहून घेणे उपयुक्त ठरते. देखभालीचा करार नसलेल्या ठिकाणी वर्षातून एकदा लॉग फाइल तपासून घेतली, तरी पुढे काढल्या जाणाऱ्या सुविधांची यादी हाती येते आणि दुरुस्ती संकेतस्थळ बंद पडण्यापूर्वी करता येते.